नव्या इमारतीत मोबाइलला रेंज नाही, बूस्टर बसवावा का?

नाइलाजाने सचिव | 3 जून, रात्री 10:14

मंडळी, मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. विटांची चार मजली जुनी इमारत पाडून 14 मजली उभी राहिली, मागच्या दिवाळीत ताबा मिळाला. खोल्या मोठ्या झाल्या, दोन लिफ्ट आल्या आणि रेंज गेली. हॉलच्या खिडकीत दोन काड्या, बेडरूममध्ये कधी एक, कधी फुली. पार्किंगमध्ये तर नावच नको. पार्सलवाला फाटकातून नावाने हाका मारतो, वॉचमनचा फोन वर लागत नाही. ओटीपी येणार असला की लोक गॅसवरचं दूध टाकून बाल्कनीत धावतात. सातव्या मजल्यावरचे एक काका कपडे वाळत घालायच्या दांडीला पिशवी टांगून तिच्यात फोन ठेवतात. विनोद नाही, रोज बघतो.

सगळ्यांचा राग सचिवावर. ओळखीतून एक जण बघून गेला. गच्चीवर एक अँटेना, मजल्यामजल्यावर लॉबीत छताला पांढऱ्या वाट्या (म्हणजे छोट्या अँटेनाच), मधे यंत्र. 68 हजार. म्हणतो सगळ्या कंपन्यांचं चालतं, 4जी-5जी सगळं. बिल मागितलं तर म्हणाला, "वायफाय साहित्य म्हणून देतो." तिथे मला जरा खटकलं. रविवारी कमिटीची बैठक आहे. कुणी बसवलाय का असा बूस्टर? अनुभव सांगा.

खटपट्या | 3 जून, रात्री 10:41

घ्या हो बिनधास्त. माझ्या साडूच्या गोडाऊनमध्ये आहे चार वर्षं. 9 हजारात ऑनलाइन आला होता. एक नंबर चालतो. 68 मात्र जास्त वाटतात, घासाघीस करा.

डेसिबल | 3 जून, रात्री 11:30

सचिवसाहेब, थांबा. पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, गाडीत यंत्रं लावून रस्तोरस्ती सिग्नल मोजत फिरायचं काम होतं माझं.

आधी कायदा. परवानाधारक दूरसंचार कंपनी सोडून कुणालाही असा बूस्टर किंवा रिपीटर विकणं, बाळगणं, बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने 2022 मध्ये पत्रक काढून हे पुन्हा बजावलं होतं. मुळातला कायदा 1933 चा, बिनतारी यंत्रांचा. 2023 च्या नव्या दूरसंचार अधिनियमाच्या परिशिष्टात तर परवान्याशिवाय रेडिओ उपकरण बाळगलं तर पहिल्या खेपेला 50 हजारांपर्यंत आणि पुढे दर खेपेला 2 लाखांपर्यंत दंड लिहून ठेवलाय. "वायफाय साहित्य" असं बिल का देतो ते कळलं ना? आणि ठरावावर सही तुमची असेल, त्याची नाही.

आता हे बेकायदा का, ते. लोकांना वाटतं बूस्टर म्हणजे टॉवरचा आवाज मोठा करणारं यंत्र. तो अर्धाच भाग झाला. तुमच्या फोनचा आवाजही तो मोठा करून टॉवरकडे पाठवतो, आणि खरी गडबड तिथे होते. कीर्तनात बुवा बोलतायत, श्रोत्यांतून कुणी हळू आवाजात शंका विचारतंय आणि बुवा कान देऊन ऐकतायत, असं समजा. टॉवर असाच कान देऊन बसलेला असतो. प्रत्येक फोनला तो सतत सांगत असतो, तू जरा हळू, तू जरा मोठ्याने. त्यात कोपऱ्यात एकाने भोंगा लावला, आणि कुणी बोलत नसलं तरी त्यातून खरखर चालूच. बुवांना आता शेवटच्या रांगेतलं काही ऐकू येणार नाही. म्हणजे तुमच्या वाट्यांमुळे तुमच्या लॉबीत चार काड्या दिसतील आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा कॉल तुटेल. त्याला कारण कधीच कळणार नाही.

दुसरं, गच्चीवरच्या अँटेनाने वाट्यांचाच सिग्नल पकडला की यंत्र गोल गोल ओरडायला लागतं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की कूंऽऽ होतं, तेच. फरक इतकाच की हे कूं आपल्या कानाला ऐकू येत नाही, आख्ख्या परिसराच्या नेटवर्कला येतं. चांगल्या यंत्रात ते आपोआप बंद पडायची सोय असते. 9 हजारांच्या डब्यात बहुधा नसते.

खटपट्या | 4 जून, सकाळी 8:05

डेसिबलराव, तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय. रेंज देणं हे त्यांचं काम. ते करत नाहीत म्हणून माणूस बूस्टर घेतो. रिचार्जचे पैसे पूर्ण घेतात की नाही?

डेसिबल | 4 जून, सकाळी 9:20

पैसे पूर्ण घेतात, मान्य. रस्ता खराब आहे म्हणून मी उलट बाजूने गाडी घालणार नाही, एवढंच. आणि "5जी सगळं चालतं" ही शुद्ध थाप आहे. 900 आणि 1800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर फोनकडून टॉवरकडे जायची वाट वेगळी, यायची वेगळी, त्यामुळे साधा डबा तिथे निदान काहीतरी करतो. 2300 च्या 4जीमध्ये आणि 3300 च्या पुढच्या 5जीमध्ये जाणं-येणं एकाच पट्टीवर, आळीपाळीने होतं, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. पाळी कोणाची हे ज्या डब्याला कळत नाही, तो काय वाढवणार?

पारसिक बोगदा | 4 जून, दुपारी 1:15

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. तळमजल्यावरच्या एका दुकानदाराने बसवला होता. तीन-चार महिन्यांनी अँटेना हातात धरून दोघे-तिघे गल्लीत हिंडताना दिसले. आम्हाला वाटलं टीव्हीच्या केबलवाले. सरकारी माणसं निघाली, बिनतारी संदेशांवर नजर ठेवणाऱ्या खात्याची. एका कंपनीने तक्रार केली होती की तिचा टॉवर बधिर झालाय. फिरत फिरत बरोबर दुकानाच्या छपराखाली येऊन थांबले. यंत्र काढून नेलं, पंचनामा झाला, नोटीस आली. गंमत म्हणजे त्यानंतर आमच्या घरातली रेंज सुधारली. तोवर आम्ही कंपनीला शिव्या घालत होतो.

न्यूजर्सीकर | 4 जून, संध्याकाळी 6:50

इकडे अमेरिकेत मात्र दुकानात सरळ मिळतात. माझ्या तळघरात आहे. इथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, 2013 मध्ये नियम केले, प्रमाणित यंत्रच घ्यायचं आणि आपल्या कंपनीकडे नोंदणी करायची. ब्रिटनमध्येही 2018 पासून ठरावीक कसोट्यांत बसणाऱ्यांना मुभा आहे. डिसेंबरात येतोय, सचिवसाहेबांना हवा असेल तर बॅगेत एक टाकून आणू का?

डेसिबल | 4 जून, संध्याकाळी 7:30

आणू नका! तुमच्याकडच्या 1900 च्या यंत्रात 1850 ते 1910 ही फोनकडून टॉवरकडे जायची वाट. आपल्याकडे 1800 च्या पट्टीत टॉवरकडून फोनकडे यायची वाट 1805 ते 1880. म्हणजे मधल्या भागात तुमचं यंत्र आमच्या टॉवरचा सिग्नल घरातून बाहेर ढकलत बसेल. उलटी गंगा. कायद्याचं तर वेगळंच.

न्यूजर्सीकर | 4 जून, संध्याकाळी 7:34

बरं. मग बदाम-पिस्तेच आणतो.

खडूस काकू | 4 जून, रात्री 9:02

एवढी भाषणं झाली, पण त्या बिचाऱ्याने करायचं काय ते कुणी सांगेल का?

डेसिबल | 4 जून, रात्री 9:40

काकू, रास्त. सचिवसाहेब, काड्या मोजू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जा, सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा आकडा दिसतो, डीबीएममध्ये, उणे असतो. आयफोनला *3001#12345#* डायल करा. 4जीसाठी साधारण −85 छान, −100 चालतं, −110 च्या खाली रडगाणं. लक्षात ठेवायचं इतकंच की 10 ने खाली गेला म्हणजे सिग्नल दहावा हिस्सा झाला, 20 ने गेला तर शंभरावा.

गच्ची, चौदावा, सातवा, पहिला, पार्किंग. प्रत्येक मजल्यावर एकदा खिडकीपाशी, एकदा आतल्या खोलीत. दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन घ्या. आणि एक गंमत करा, बेडरूमची सरकती काच बंद ठेवून एकदा आणि उघडून एकदा मोजा.

नाइलाजाने सचिव | 8 जून, रात्री 11:05

बैठक झाली. बूस्टर तूर्त बाजूला. कॉलेजात जाणारी दोन पोरं हाताशी घेऊन आख्खी इमारत मोजली. एका कंपनीचे आकडे देतो, दुसरीचे थोड्याफार फरकाने तसेच.

गच्ची −78. चौदावा मजला खिडकीत −84, आत −97. सातवा खिडकीत −92, बेडरूममध्ये −114. तीच काच उघडल्यावर −103! पहिला मजला खिडकीत −101, आत −120. पार्किंग, सेवा नाही.

पण मला कळत नाही ते हे, की चौदाव्यावर आकडे इतके चांगले, तरी कॉल तिथेच जास्त तुटतात.

डेसिबल | 9 जून, सकाळी 9:15

झकास. आता रोग सापडला, खरं तर तीन सापडले.

सातव्यावर खिडकी ते बेडरूम 22 डेसिबल गेले, म्हणजे सिग्नल दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी उरला. त्यातले 11 एकट्या काचेने खाल्ले. ऊन परतवणारी निळसर काच असेल, तिच्यावर धातूचा पातळ मुलामा असतो. ऊन अडतं तसा सिग्नलही अडतो. उरलेले भिंतींनी. तुमची इमारत मिवानची असणार, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती करायच्या पद्धतीची. (लोक समजतात भिंतीत ॲल्युमिनियम राहतं. राहत नाही, ते साचे काढून नेतात. पण विटांच्या जागी सगळ्या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या होतात.) जुन्या घरात विटेची भिंत आणि लाकडी खिडकी होती, सिग्नल चोरपावलांनी आत यायचा.

चौदाव्याचं दुखणं अगदी उलटं. टॉवरच्या अँटेना जरा खाली वाकवलेल्या असतात, रस्त्याकडे आणि मधल्या मजल्यांकडे. उंचावरून तुमच्या फोनला एकाच वेळी पाच-सहा टॉवर सारख्याच जोराने दिसतात, ठाण्यापासून भांडुपपर्यंत. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एकदम बोलतात तसं. आवाज भरपूर, शब्द एक कळत नाही. तिथे बूस्टर लावला तर सगळाच गोंगाट वाढेल.

आणि पहिला मजला नि पार्किंग, तिथे मुळातच कमी पोहोचतंय. तुमचे 68 हजार या तिन्हीपैकी फार तर एका ठिकाणी लागू पडले असते.

पेन्शनर नंबर वन | 9 जून, दुपारी 3:20

वायफाय कॉलिंग कुणी कसं बोललं नाही अजून? मी 74 वर्षांचा, मलाही जमलं. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण सुरू करायचं, घरातल्या वायफायवरून साधाच कॉल लागतो. वेगळं ॲप नाही, समोरच्याला कळतही नाही. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणलं, जिओने पुढच्याच महिन्यात, व्हीआयने 2020 च्या डिसेंबरात, आणि तेव्हा सुरुवातीच्या सर्कलांत आपलं महाराष्ट्र-गोवा होतं. माझे ओटीपीही त्यावरून येतात.

नाइलाजाने सचिव | 9 जून, रात्री 10:30

आजोबा, तुमच्या पाया पडतो. आज स्वतःच्या फोनवर केलं, हॉलमध्ये चाललं. पण बेडरूममध्ये मधेच कॉल तुटतो आणि वर वायफायचं चिन्ह जातं.

डेसिबल | 9 जून, रात्री 10:52

फोन −115 चा मरतुकडा टॉवर धरून बसतो आणि सोडत नाही. वायफाय कॉलिंगला प्राधान्य द्यायचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर घरी आल्यावर फ्लाइट मोड लावून फक्त वायफाय सुरू करा, कॉल येत राहतील. राउटर हॉलच्या टीव्हीमागे कोंबला असेल तर बाहेर काढा, मिवानच्या भिंती वायफायलाही सोडत नाहीत. पॅसेजमध्ये दुसरा राउटर, वायरने जोडलेला, बसवला की बरंच काम होतं. यातलं काहीही बेकायदा नाही.

बी विंग | 10 जून, सकाळी 7:48

सचिवसाहेब, वाचतोय तीन दिवस. दांडीला पिशवी टांगणारे काका कोण ते कळलं, आणि ही आपलीच सोसायटी आहे हेही कळलं. आता एक गोष्ट इथे सांगूनच टाका. जुन्या इमारतीच्या गच्चीवर एका कंपनीचा टॉवर होता. 2014 च्या सर्वसाधारण सभेत आरडाओरडा करून आपणच तो काढायला लावला. कॅन्सर होतो म्हणून. ठरावाला अनुमोदन कोणाचं होतं ते इतिवृत्तात आहे.

नाइलाजाने सचिव | 10 जून, रात्री 9:10

माझंच होतं. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि आमचं घर वरच्या मजल्यावर, टॉवरच्या बरोबर खाली. कोणीतरी व्हॉट्सॲपवर काहीबाही पाठवलेलं. कोणाकडे जाऊन विचारायचं हेही सुचलं नाही.

लोणचं मुरलेलं | 10 जून, रात्री 9:45

बरोबरच केलंत. पोराबाळांच्या जिवापुढे रेंज काय चाटायचीय? जागतिक आरोग्य संघटनेच्याच संस्थेने 2011 मध्ये या लहरी कॅन्सरच्या संशयित यादीत घातल्यात, हे डेसिबल सांगणार नाहीत.

डेसिबल | 10 जून, रात्री 10:20

सांगतो ना. गट 2ब, "शक्यता असू शकते" असा. पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत, तुमच्या आयडीची आठवण झाली. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणलेली आहे, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॅट. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार संकेतस्थळावर शुल्क भरून तुमच्या दारात मोजणी करून मिळते.

आणि अँटेना पुढे फेकते, पायाखाली फारच थोडं. टॉर्चच्या मागे उभं राहिल्यासारखं. उलट रेंज नसली की कानाला लावलेला तुमचाच फोन पूर्ण ताकदीने, 4जीला 200 मिलिवॅटपर्यंत, ओरडत असतो. जवळच टॉवर असला की तोच फोन कुजबुजतो. बॅटरी दुपारी का संपते त्याचंही उत्तर हेच. सचिवसाहेब, दीड वर्षाच्या मुलीचा बाप घाबरला यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लोणचं मुरलेलं | 10 जून, रात्री 10:31

तुमचं तुम्हाला लखलाभ. मी माझ्या गच्चीवर येऊ देणार नाही.

चाळ ते टॉवर | 12 जून, सकाळी 11:00

जरा अवांतर. आमचा पुनर्विकास आत्ता करारनाम्यापर्यंत आलाय, चेंबूरला. हे सगळं वाचून धडकी भरली. करारात काय घालून घेऊ?

डेसिबल | 12 जून, दुपारी 2:10

अवांतर कसलं, हाच वेळ आहे. गच्चीपासून तळघरापर्यंत सलग डक्ट, प्रत्येक मजल्यावर त्याला उघडता येणारं दार, केबल टाकायला रिकामे पाइप, गच्चीवर आणि तळाला यंत्र ठेवायला कुलपाची छोटी जागा, तिथे वेगळ्या मीटरची वीज. आणि मुख्य म्हणजे ही जागा कुठल्याही एका कंपनीला बांधून द्यायची नाही, सगळ्यांना खुली, असं वाक्य. बिल्डर काही वेळा एकाच पुरवठादाराशी आधीच ठरवून टाकतो. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे द्यायचे नियम केलेत. बिल्डरला विचारा, किती ताऱ्यांची इमारत देणार? उत्तर नाही आलं तरी त्याला कळेल की तुम्हाला माहीत आहे. काचही बघा. बाहेरून आरशासारखी दिसते ती घेऊ नका.

चाळ ते टॉवर | 12 जून, दुपारी 2:25

वाक्य जसंच्या तसं वकिलांना पाठवलं. धन्यवाद.

नाइलाजाने सचिव | 19 जुलै, रात्री 10:40

बऱ्याच दिवसांनी. आकड्यांचा तक्ता जोडून कंपनीकडे तक्रार केली. चौथ्या दिवशी "आपली तक्रार सोडवली आहे" असा मेसेज. तो मेसेज मी बाल्कनीत वाचला. मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे गेलो. 30 दिवसांत अपील करता येतं, त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. त्याला पैसे लागत नाहीत.

अपिलानंतर इंजिनिअर आला, डेसिबलरावांसारखाच बॅगेत यंत्र घेऊन. म्हणाला, तुमच्या बाजूची अँटेना जुन्या चार मजली वस्तीच्या हिशेबाने लावलेली आहे. दहा दिवसांनी त्यांनी तिचा कोन बदलला. पाचवा ते दहावा मजला बराच सुधारला, सातव्याच्या बेडरूममध्ये आता −105. काकांनी पिशवी काढली, दांडीवर आता टॉवेल असतो. चौदाव्याचं रडगाणं थोडं कमी. पहिला मजला आणि पार्किंग आहे तिथेच.

पार्किंग आणि लॉब्यांसाठी कंपनी स्वतःचा, परवान्यातला रिपीटर लावायला तयार आहे, वीज आणि केबलचा रस्ता आपण द्यायचा. म्हणजे यंत्र जवळपास तेच, पण कुठल्या पट्टीवर, किती जोराने हे ठरवणार ते, आणि त्रास झाला तर बंद करणारही तेच. फक्त त्यांचेच ग्राहक सुखी होतील, बाकीच्या कंपन्यांचं काय, यावर भांडण सुरू आहे. गच्चीवर छोट्या अँटेना लावायचा त्यांचा वेगळा प्रस्तावही आलाय, भाड्यासकट. तो सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत मांडणार. मीच मांडणार, आणि 2014 चं इतिवृत्त आधी वाचून दाखवणार.

तोवर 56 पैकी 41 घरांत वायफाय कॉलिंग सुरू करून दिलं, पोरांनी रविवारी दारोदार जाऊन. सहा जणांच्या फोनमध्ये सोय नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये सोसायटीचं वायफाय आणि लिफ्टमध्ये इंटरकॉम दुरुस्त केला. लिफ्टमध्ये अडकल्यावर मोबाइलच्या भरवशावर राहू नका, हे माझं मत.

खडूस काकू | 19 जुलै, रात्री 10:58

41 घरं केलीत, छान. पण लाइट गेले की राउटर बंद. मग?

नाइलाजाने सचिव | 19 जुलै, रात्री 11:03

तेच विचारायचं होतं. परवा पावसात दोन तास लाइट नव्हते, पुन्हा सगळे बाल्कनीत.

पेन्शनर नंबर वन | 20 जुलै, सकाळी 6:15

राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, माझा तीन तास चालतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपियर लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेकांचं 12 व्होल्ट असतं. आणि फायबरचा पांढरा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्याच्यावरच घ्या. मी पहिल्यांदा तो विसरलो होतो.